दानीएल अध्याय ४ वर बोलायचंय, पण ज्याच्यावर ते बेतलंय असं सगळ्यांना वाटेल तो समोरच बसलेला असेल

ओढ्याकाठचा

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या पाळकसाहेबांनी दानीएलाच्या पुस्तकावर ओळीने संदेश चालू केलेत. मागच्या रविवारी अग्निकुंड झालं. येत्या रविवारी ते परिषदेला बाहेरगावी आहेत, त्यामुळे चौथा अध्याय माझ्या गळ्यात पडलाय. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाला स्वप्नात एक मोठं झाड तोडलेलं दिसतं, बुंधा तेवढा राहतो. दानीएल अर्थ सांगतो, आणि गर्वापायी राजा सात काळ जनावरांसारखा राहून पुन्हा गादीवर येतो, तोच हा अध्याय. मी पाळक नाही. शेती बघतो आणि मंडळीचं सेक्रेटरीपद सांभाळतो. संदेश याआधी दिलेत, उभं राहायची धास्ती नाही. धास्ती वेगळीच आहे.

आमच्यात एक गृहस्थ आहेत, नाव-गाव सांगत नाही. ठेकेदारी करायचे, रस्त्यांची कामं. मंडळीचा नवा हॉल झाला त्यात निम्म्याहून जास्त पैसा त्यांचा. हॉलच्या दारावर संगमरवरी पाटी आहे. 'देवाच्या गौरवार्थ' हे तीवर मुंगीएवढं आणि त्यांचं नाव हातभर. त्या दिवसांत त्यांची गाडी आवारात शिरल्याशिवाय पहिलं गीत सुरू होत नसे. पाळकांना अरे-तुरे करायचं तेवढं बाकी होतं. मग बिलं अडकली, भागीदाराने हात वर केले, बँकेने जेसीबी ओढून नेला. बरेच दिवस ते दिसलेच नाहीत. ईस्टरपासून पुन्हा यायला लागलेत. मागे चपलांच्या रॅकजवळ बसतात आणि आशीर्वाद संपता संपता निघून जातात.

आता मी उभा राहून 'गर्विष्ठ राजा बैलासारखा गवत खाऊ लागला' असं म्हणणार आणि सगळ्या माना मागे वळणार. एका पंचाने तर परवा माझ्याकडे टाळी मागितली. म्हणाला, "या रविवारी वचनच बोलतंय, तू नुसतं वाच." अध्याय ओळीने आलाय, मी निवडलेला नाही, हे कोण ऐकून घेणार?

दोन गोष्टी विचारायच्यात. हा अध्याय कुणाच्या अंगावर न फेकता सांगायचा कसा? का सरळ पाचव्यावर उडी मारू? आणि दुसरं, झाड तोडायचंच होतं तर बुंधा का ठेवला, नि त्याला लोखंड-पितळेचा पट्टा कशाला?

निवृत्त मास्तर

पाचव्यावर उडी मारू नका. पाचवा याहून कडक आहे. त्यात बुंधाच नाही.

तुमचा पंच म्हणतो वचन बोलतंय. बरोबर. पण या वचनात बोलतंय कोण ते त्याला विचारा. हा अध्याय म्हणजे राजाने काढलेलं जाहीरपत्र आहे. सगळ्या लोकांना, राष्ट्रांना, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांना सलाम करून नबुखद्नेस्सर स्वतः सांगतो की माझं असं असं झालं. संदेष्टा सांगत नाही, शेजारी सांगत नाही, पंच तर नाहीच नाही. ज्याचं नाक खाली झालं तोच चव्हाट्यावर येऊन बोलतोय. दुसऱ्याच्या पडण्यावर साक्ष द्यायचा अधिकार या अध्यायाने कुणाला दिलेलाच नाही.

आता दानीएल बघा. लोक इथे घाई करतात, स्वप्न आणि अर्थ सांगून मोकळे होतात. मी इतकी वर्षं संडे स्कूलला हा अध्याय शिकवला, तर मुलांना १९व्या वचनावर थांबवायचो. हा दानीएल कोण? पोरवयात यरुशलेमेतून धरून आणलेला. त्याचं नावसुद्धा बदलून बेल्टशस्सर केलं, तेही त्या राजाच्या देवाच्या नावावरून. याच राजाने इ. स. पू. ५८६ च्या सुमारास मंदिर जाळलं. याच राजाच्या हुकमाने यहूदाचा राजा सिद्कीया याच्या मुलांना त्याच्या डोळ्यांदेखत मारलं आणि मग त्याचे डोळे काढले (२ राजे २५). आणि आता तोच राजा विचारतो, माझ्या स्वप्नाचा अर्थ सांग. अर्थ काय? तू जनावरांत जाणार.

दुसऱ्या कुणी मनातल्या मनात देवाचे आभार मानले असते. दानीएल सुन्न होतो, घाबराघुबरा होतो. इतका की राजालाच त्याला सांगावं लागतं, बाबा, घाबरू नकोस. मग तो तोंड उघडतो आणि पहिलं काय म्हणतो? महाराज, हे स्वप्न तुमच्या वैऱ्यांना लागू पडो. राजाचे वैरी कोण हो? त्यांतले कितीतरी दानीएलाचेच भाऊबंद!

तुम्हाला मंचावर उभं राहायला जागा हवी असेल तर ती ही. स्वर्गातून 'झाड तोडा' म्हणणारा आवाज तुमचा नाही. तुमची जागा त्या सुन्न झालेल्या माणसाची. तिथून बोललात तर माना वळल्या तरी बिघडणार नाही.

बुंध्याचं उत्तर दानीएल २६व्या वचनात स्वतःच देतो. स्वर्गाची सत्ता आहे हे तुला कळलं की तुझं राज्य तुझ्याकडे कायम राहील, असा त्याचा अर्थ. पट्ट्याचं तो काही सांगत नाही. भाष्यकार दोन बाजूंनी भांडतात. कुणी म्हणतं वेड्याला घातलेली बेडी, कुणी म्हणतं बुंध्याला तडा जाऊ नये म्हणून घातलेलं संरक्षण. दानीएलाने जे सोडलं ते मीही सोडतो. पण तुम्ही शेतकरी आहात, बुंध्याचं तुम्हाला काय सांगायचं? कडुनिंब कमरेपासून तोडला तरी पावसाळ्यात फुटतो. जाळायचाच असेल तर माणूस मुळं खणतो. इथे ज्या दमात 'तोडा' म्हटलंय त्याच दमात 'मुळांचा बुंधा राहू द्या' म्हटलंय. राजा सुधारला म्हणून देवाने नंतर मन बदललं असं नाही. परत आणायचं हे निकालपत्रातच लिहिलेलं होतं.

आणि बारा महिने विसरू नका. दानीएलाने सल्ला दिला, नीतीने वाग, गरिबांवर दया कर, म्हणजे कदाचित तुझी शांती टिकेल. राजा रागावला नाही. ऐकलंही नाही. सबंध वर्ष देवाने काही केलं नाही. मग गच्चीवर फिरता फिरता 'हे थोर बाबेल मीच बांधलं ना' हे वाक्य आलं.

जाता जाता एक. ती पाटी लावायचा ठराव पंचांनी मंजूर केला असेल ना? मिनिट्स तुमच्याच कपाटात असतील.

विटांचा नाद

मी चर्चला जाणारा नाही, मला जुन्या शहरांचं वेड आहे. म्हणून गच्चीवरच्या त्या वाक्याबद्दल थोडं.

तो थापा मारत नव्हता. नबुखद्नेस्सर (राज्यकाळ इ. स. पू. ६०५ ते ५६२) हा जगातल्या मोठ्या बांधकामवाल्या राजांपैकी एक. बगदादच्या दक्षिणेला, हिल्ला गावाजवळ, १८९९ पासून १९१७ पर्यंत रॉबर्ट कोल्डेवे या जर्मन माणसाने खणलं, तेव्हा निघाल्या त्या याच्याच विटा. भाजलेल्या, फूटभर चौरस, आणि त्यांवर ठसा: नबुखद्नेस्सर, बाबेलचा राजा, एसागिला आणि एझिदा या मंदिरांचा सांभाळ करणारा, नबोपोलस्सराचा थोरला मुलगा. एक-दोन नाही, ढिगाने. मिरवणुकीच्या रस्त्याच्या फरशांवर तर नाव कडेला कोरलंय. फरशी बसवली की ते कुणाला दिसणारच नाही. दारावर पाटी लावणारा निदान लोकांनी वाचावं म्हणून लावतो. हा न दिसणाऱ्या जागीही लिहून ठेवत होता. त्याचा निळ्या विटांचा इश्तार दरवाजा बर्लिनच्या पेर्गमोन म्युझियममध्ये उभा केलाय.

पुढची गंमत म्हणजे १९८० च्या दशकात सद्दाम हुसेनने त्याच जुन्या पायावर नव्या भिंती चढवल्या आणि त्या विटांवर स्वतःचं नाव घातलं. दोन हजार पाचशे वर्षांत शिकलं कोण?

एक सावधगिरीची सूचना मात्र देतो. 'राजाचं वेड इतिहासात सिद्ध झालंय' असं मंचावरून म्हणू नका. त्याच्या स्वतःच्या लेखांत तसं काही नाही. अभ्यासक वेगळ्याच राजाकडे बोट दाखवतात. बाबेलचा शेवटचा राजा नबोनिदस, तुमच्या पाचव्या अध्यायातल्या बेलशस्सराचा बाप. तो राजधानी सोडून अरबस्तानातल्या तेमा या ओअॅसिसमध्ये दहाएक वर्षं जाऊन राहिला होता. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत एक फाटका तुकडा आहे. त्यात नबोनिदस म्हणतो की मला सात वर्षं तेमात वाईट फोड आले होते आणि एका यहुदी माणसाने मला खऱ्या देवाची वाट दाखवली. म्हणजे गर्वाने पडलेल्या आणि उठवलेल्या बाबेली राजाची गोष्ट यहुदी लोकांत एकाहून जास्त रूपांत फिरत होती. तुमच्या श्रद्धेत त्याने काय फरक पडतो ते तुम्ही बघा. मला ती गोष्ट त्यामुळे जास्तच आवडते.

नाइट ड्युटी

मी नर्स आहे, मनोरुग्णांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. एक विनंती आहे दादा.

तुमच्या मंडळीत एखादं तरी घर असं असेलच जिथे कुणाला मानसिक आजार आहे. घरचे सांगत नाहीत, पण असतं. तुम्ही 'देवाने गर्विष्ठाची बुद्धी काढून घेतली' म्हणाल तेव्हा ती आई काय ऐकेल? माझ्या पोराने काय पाप केलं? माझ्याकडे अशी माणसं येतात. आधी उपास करवलेत, अंगावर तेल ओतलंय, कुठे कुठे साखळीने बांधून ठेवलंय, आणि हे सगळं झाल्यावर गोळ्या. तोवर मनगटाला वळ पडलेले असतात.

म्हणून एक वाक्य बोला, स्पष्ट बोला: हे एका राजाचं झालं, सगळ्या रुग्णांचं कारण हे नाही. योहान ९ मध्ये शिष्यांनी आंधळ्याबद्दल हेच विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने का याच्या आईबापाने? येशू म्हणाला, दोघांनीही नाही. आणि निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाचं अख्खं पुस्तक कशासाठी आहे?

वर्णन मात्र गाळू नका. दवाने भिजलेलं अंग, गरुडाच्या पिसांसारखे वाढलेले केस, पक्ष्याच्या नख्यांसारखी नखं. आमच्याकडे रस्त्यावरून उचलून आणलेला माणूस पहिल्या दिवशी असाच असतो. पहिलं काम कसलं, तर नखं कापायची. केसांचा गुंता सुटत नाही, भादरावेच लागतात. राजाची नखं कुणीतरी कापली असतील ना? दरबारी पुन्हा त्याला शोधत आले असं ३६व्या वचनात आहे. कुणीतरी आधी अंघोळ घातली असणार. त्याचं नाव कुठे नाही.

माळकरी

चर्चा वाचतोय, रस आला. आमच्यात नामदेवांची गोष्ट याच वळणाची आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. मुक्ताबाईने थापटण्याबद्दल विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकी कच्ची की भाजलेली ते कळायला. मग एकेकाच्या डोक्यावर थापट मारत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव चिडले. हे मडकं कच्चं! विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचं जेवतो, त्याला भर सभेत कच्चं म्हटलं.

नामदेव रडत पंढरपूरला गेले. मला आवडतं ते इथून पुढचं. विठ्ठलाने त्यांची बाजू घेतली नाही. म्हणाला, बरोबर म्हणाले ते, गुरू कर. पाठवलं औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे, आणि ते तर पिंडीवर पाय टाकून झोपलेले! जो लाडका, त्यालाच देवाने एवढं फिरवलं. टाकून द्यायचा असता तर कशाला पाठवलं असतं?

तुमच्या बुंध्यासारखंच वाटलं म्हणून लिहिलं.

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे आभार. मिनिट्स काढून बघितले. ठराव एकमताने, आणि खाली सही माझी. त्यावर मी अजून काही बोलत नाही.

पण एक अडकलंय, ते मोकळेपणी विचारतो. या गृहस्थांकडे आमच्याच मंडळीतली माणसं कामाला होती. धंदा बसला तेव्हा त्यांची मजुरी बुडाली. एक विधवा बहीण तिसऱ्या बाकावर बसते, तिच्या नवऱ्याचे पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत. मी 'देवाने राजाला सगळं परत दिलं, आधीपेक्षा जास्त दिलं' असं म्हणणार, तेव्हा ती काय म्हणेल? सिद्कीयाचे डोळे कुणी परत दिले? मास्तर, तुम्हीच त्याची आठवण काढलीत, आता तुम्हीच सांगा.

निवृत्त मास्तर

सिद्कीयाचे डोळे परत आले नाहीत. तो बाबेलात तुरुंगातच मेला, यिर्मया ५२ मध्ये आहे. आणि नबुखद्नेस्सर शहाणा झाल्यावर त्याने एकही यहुदी घरी सोडला असं हा अध्याय सांगत नाही. ते घरी गेले पारसाचा राजा कोरेश याच्या काळात, इ. स. पू. ५३९ ला बाबेल पडल्यावर. म्हणजे राजाने वर बघितलं, स्तुती केली, गादी परत मिळाली, आणि बंदिवान होते तिथेच राहिले. ही टोचणी शास्त्राने लपवलेली नाही, तुम्हीही लपवू नका. त्या बहिणीसमोर सगळा हिशेब मिटला असं भासवलंत तर ती तुमचं पुढचं एक अक्षर ऐकणार नाही, आणि तिचं बरोबर असेल.

२७वं वचन पुन्हा वाचा. दानीएलाच्या मते राजाचं पाप गच्चीवरचं बोलणं नव्हतं, ते तर अजून व्हायचं होतं. पाप होतं गरिबांशी वागणं. विटांचा नाद यांनी विटांचं सांगितलं. त्या विटा वाहिल्या कुणी? गर्व डोक्यात असतो, पण त्याची मजुरी दुसऱ्याच्या पाठीवर पडते. देवाने राजाला उठवलं म्हणून २७वं वचन रद्द झालं असं कुठे लिहिलंय? उलट उठलेल्या माणसाला ते पहिल्यांदा पाळता येतं. जकातदार जक्कय बघा. येशूला बघायला चढलेल्या झाडावरून उतरला आणि येशू घरात पाहुणा असतानाच म्हणाला, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो.

पण मजुरीचा विषय मंचावरून काढायचा नाही. मत्तय १८ सांगतं, आधी एकट्याने जा. आठवड्यात त्यांच्या घरी जा, तुम्ही जा, पंचांना नेऊ नका. चहा घ्या. त्या बहिणीचं नाव घ्या आणि विचारा, दर महिन्याला शंभर-दोनशे तरी जमेल का? नाही म्हणाले तर उठून या. उपासनेत त्यांच्याकडे बघूसुद्धा नका.

पाचव्या अध्यायाशी तुलना करायची असेल तर एवढीच करा. बेलशस्सराला दानीएल 'तुझ्या वैऱ्यांना लागू पडो' म्हणत नाही. बक्षिसं तुझ्याकडेच ठेव म्हणतो. आरोप काय? तुझ्या आधीच्या राजाचं हे सगळं तुला ठाऊक होतं, तरी तू नमला नाहीस. त्याच रात्री तो मेला. पडलेल्या माणसाची गोष्ट माहीत असून जे जसेच्या तसे राहिले, त्यांचा हा अध्याय. मागे चपलांजवळ बसलेल्याचा चौथा आहे. पुढच्या बाकांवरच्यांचा पाचवा असू शकतो. हे मंचावर बोलायचं की नाही ते तुमच्या मंडळीचं हवापाणी बघून ठरवा.

नाइट ड्युटी

मास्तर, शंभर-दोनशेचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

ओढ्याकाठचा

बुधवारी संध्याकाळी जातो त्यांच्याकडे.

वाचनाचं विचारायचं राहिलं. सदतीस वचनं आहेत. एकट्याने वाचली तर लोक पेंगतात. त्या गृहस्थांनाच राजाचा भाग वाचायला द्यावा असं आमच्या तरुण संघाच्या पोरांनी सुचवलंय, म्हणजे साक्षीसारखं होईल. मला ते कसंतरीच वाटतंय.

निवृत्त मास्तर

कसंतरी वाटतंय ते बरोबर वाटतंय. नका देऊ. ज्याला साक्ष द्यायची तो त्याच्या वेळेला उठून देईल. राजा इतकी वर्षं गेल्यावर बोलला, तुम्ही त्यांना सात रविवारही द्यायला तयार नाही?

वाटणी अध्यायातच करून दिलेली आहे. १ ते १८ राजा 'मी, मी' करत बोलतो. १९पासून ३३पर्यंत 'मी' गायब. राजाबद्दल दुसराच कुणी सांगतो. ३४व्या वचनात त्याने वर पाहिलं, बुद्धी ठिकाणावर आली, आणि तिथे 'मी' परत येतो. म्हणून १ ते १८ आणि ३४ ते ३७ एकाच आवाजात वाचा, मधलं दुसऱ्याच्या. राजाचा भाग तुम्हीच घ्या. ठरावावर सही तुमचीच आहे, आवाज आपोआप लागेल.

ओढ्याकाठचा

घेतला. मधलं २८ ते ३३ संडे स्कूलच्या बाई वाचतील. १९ ते २७ दानीएलाचं. टाळी मागणाऱ्या त्या पंचाला द्यावं असं मनात आहे.

निवृत्त मास्तर

जरूर द्या. शनिवारी रात्री घरी एकदा मोठ्याने वाचून यायला सांगा. आणि तुम्ही 'नबुखद्नेस्सर' या नावाची तालीम करा. आमच्याकडे एकाने एका उपासनेत चार प्रकारे उच्चारलं होतं, म्हाताऱ्या मंडळींना चार राजे झाले असं वाटलं.